विनोदाचे स्थळ : नंदुरबार जिल्ह्यातील सोंगाड्याची परंपरा, मद्यविरोधी चळवळी आणि 'ओपन माइक'चा प्रश्न

गोषवारा

महानगरांतील बार व कॅफे यांमधून रुजलेला 'ओपन माइक' हा प्रकार आज महाविद्यालयीन युवकांच्या आकर्षणाचा विषय झालेला आहे. कोणीही यावे, नाव नोंदवावे, ध्वनिक्षेपकासमोर पाच मिनिटे उभे राहून श्रोत्यांना हसवावे, असे त्याचे साधे स्वरूप आहे. तथापि लोकांसमोर उभे राहून हसविणे ही गोष्ट महाराष्ट्राला, विशेषतः खानदेशाला, नवी नाही. प्रस्तुत शोधनिबंधात नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात विनोदी सादरीकरणाच्या स्थळांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. विनोदी कलावंताचे स्वातंत्र्य त्याच्या प्रतिभेइतकेच, तो ज्या जागी उभा राहतो त्या जागेच्या मालकीवर अवलंबून असते, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन होय. उत्सवाचे पटांगण आणि यात्रेतील तंबू या दोन जागांनी या जिल्ह्यात विनोदाला आश्रय दिला. दारूचा गुत्ता ही तिसरी जागा मात्र येथील आदिवासी समाजाच्या, आणि त्यातही स्त्रियांच्या, संघर्षाचा विषय ठरली.

बीजसंज्ञा : सोंगाड्या, लोकनाट्य, रोडाली, अबकारी, श्रमिक संघटना, स्टँड-अप कॉमेडी, ओपन माइक.

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके या जिल्ह्यात समाविष्ट आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. उत्तरेस सातपुडा आणि नर्मदा, मध्यभागी तापीचे सुपीक खोरे, पश्चिमेस गुजरात अशा या प्रदेशात भिलोरी, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी अशा अनेक बोली नांदतात. प्रमाण मराठी ही येथील बहुसंख्य विद्यार्थ्यांची घरची भाषा नव्हे. ती शाळेची, कचेरीची आणि परीक्षेची भाषा होय.

विनोदाच्या अभ्यासात ही बाब दुय्यम मानता येत नाही. विनोद हा भाषेच्या सर्वांत अंतर्गत थरात वास करतो. ज्या भाषेत मनुष्य रडतो व भांडतो, त्याच भाषेत तो मोकळेपणाने हसतो. म्हणूनच 'कोण कोणाला हसतो आणि कोठे उभा राहून हसवितो' हा प्रश्न या जिल्ह्यात केवळ मनोरंजनाचा उरत नाही, तो सामाजिक इतिहासाचा प्रश्न बनतो.

उद्दिष्टे

१) नंदुरबार जिल्ह्यातील विनोदी सादरीकरणाच्या पारंपरिक स्थळांचे स्वरूप समजून घेणे.
२) मद्यविक्रीचे स्थळ आणि येथील आदिवासी समाज यांच्या संबंधाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) महानगरी 'ओपन माइक'च्या संदर्भात महाविद्यालयीन रंगमंचाच्या जबाबदारीची चर्चा करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. हास्याचा कागद मागे राहत नाही. सोंगाड्याने काल रात्री काय म्हटले हे दप्तरात सापडत नाही. परवाना, बंदी, गुन्हा आणि चळवळ यांची नोंद मात्र सापडते. त्यामुळे विनोदाच्या इतिहासाकडे शब्दांच्या वाटेने जाण्याऐवजी येथे स्थळांच्या वाटेने जाण्याचा प्रयत्न केला आहे.

१. उत्सवाचे पटांगण

सातपुड्यातील होळी हा आदिवासी समाजाचा वर्षातील सर्वांत मोठा सण होय. होळीपूर्वीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या जुन्या मेवासी संस्थानाची राजवाडी होळी विशेष प्रसिद्ध आहे. कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेची व रंगांची नक्षी अशा वेशातील बावा, बुध्या आणि मोरखी रात्रभर नाचतात. ही सोंगे घेणारे पुरुष काही दिवस व्रतस्थ राहतात, नियम पाळतात. सोंग हा येथे खेळ आहे, तसाच तो धर्मही आहे.

सोंग आणि व्रत यांचे हे साहचर्य विचार करण्याजोगे आहे. वेश धारण केला की मनुष्य आपल्या नित्याच्या ओळखीपासून काही काळ मुक्त होतो. एरवी ज्या चेष्टेवरून भांडण झाले असते, ती होळीच्या दिवसांत खपून जाते. पुरुष स्त्रीवेश घेतो, फाग मागताना वडीलधाऱ्यांची वाट अडविली जाते आणि कोणी रागावत नाही. ही मोकळीक कोणा एकाने दिलेली नसते. ती काळाने, देवाने आणि गावाने मिळून दिलेली असते. सण संपला की तीही संपते. म्हणजेच येथे विनोदाचा परवाना सामूहिक आहे आणि त्याला मुदत आहे.

याच प्रदेशात, तसेच लगतच्या दक्षिण गुजरातेत, भिल्ल समाजाचे 'रोडाली' हे लोकनाट्य आढळते. गावोगावच्या 'सोंगाड्या पार्टी' याच वळणाच्या. मोकळ्या जागेत, रात्रीच्या वेळी, नाच, गाणी, सोंगे आणि विनोदी संवाद यांच्या गुंफणीतून खेळ उभा राहतो. स्त्रियांची पात्रे पुरुषच करतात. भाषा अर्थातच बोलीभाषा असते. या खेळात विनोद करणारा आणि ज्यांच्यासाठी विनोद केला जातो ते, दोघेही एकाच समाजाचे, पुष्कळदा एकाच पंचक्रोशीतील असतात. येथे आदिवासी हा विनोदाचा विषय असतोच, परंतु त्याचबरोबर तो विनोदाचा कर्ताही असतो. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा ठरणार आहे.

याच्या उलट स्थिती ब्रिटिश दप्तरात दिसते. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटणीची उभारणी केली. त्यानंतरच्या काळात, आणि पुढे १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये, मद्यप्रिय, बेफिकीर, उद्याची चिंता नसलेला असा भिल्लाचा एक साचा स्थिर होत गेला. हा साचा प्रशासकीय सोयीचा होता. परंतु साचा हीच थट्टेचीही पहिली पायरी असते. पुढे हिंदी चित्रपटांनी पानाफुलांचे वस्त्र नेसलेला, अर्थहीन शब्द उच्चारीत नाचणारा 'आदिवासी' पडद्यावर आणला आणि अनेक स्नेहसंमेलनांनी तो जसाच्या तसा उचलला. पटांगणातील बुध्या आणि संमेलनातील हा पानांचा पुतळा या दोहोंना पाहून प्रेक्षक हसतात, पण ते हसणे एक नव्हे.

२. यात्रेतील तंबू

विनोदाचे दुसरे स्थळ यात्रेत आढळते. शहादा तालुक्यातील तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीला मार्गशीर्ष महिन्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ही यात्रा सर्वदूर परिचित आहे. बाजारामागोमाग पाळणे, मिठाईची दुकाने आणि लोकनाट्य तमाशा मंडळांचे तंबू येतात. भिका-भीमा सांगवीकर, भीमा-नामा अंजाळेकर यांसारख्या फडांची नावे खानदेशातील जुन्या पिढीच्या आजही तोंडी आहेत.

तमाशाची गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग ही चौकट सुपरिचित आहे. या चौकटीत सोंगाड्याला संहिता अशी नसते. गवळणीतील मावशी आणि पेंद्या, बतावणीतील हजरजबाबी जोडी, वगातील राजाला उलट उत्तर करणारा शिपाई ही सर्व पात्रे त्या त्या रात्री नव्याने घडतात. कसबी सोंगाड्या गावात पोहोचताच गावची हवा हेरतो. पाटलाचे नाव, नुकतीच झालेली निवडणूक, पडलेला कापसाचा भाव हे सर्व रात्री बतावणीत उतरते. दादू इंदुरीकर यांचे 'गाढवाचं लग्न' हे या हजरजबाबी परंपरेचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. एकट्याने उभे राहून, प्रेक्षकाकडे थेट पाहून, त्याच्या प्रतिसादावर पुढचे वाक्य बेतणे हे आजच्या स्टँड-अप कॉमेडीचे मर्म सोंगाड्याला पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते.

तथापि तंबू आणि पटांगण यांत मूलभूत फरक आहे. तंबूला तिकीट असते आणि परवाना लागतो. पटांगणातील सोंग गावाच्या संमतीने चालते. तंबूतील सोंग शासनाच्या संमतीने चालते. या संमतीचा इतिहास बराच जुना आहे. बंगालमधील नाटकांनी अस्वस्थ झालेल्या ब्रिटिश शासनाने १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा केला. महाराष्ट्रात १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' या नाटकावर १९१० मध्ये बंदी घालण्यात आली. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावरच बंदी आली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तमाशाला वाट मोकळी झाली. 'तमाशा'ऐवजी 'लोकनाट्य' ही संज्ञा रूढ होण्यामागे अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांच्या कार्याप्रमाणेच या बंदीचीही पार्श्वभूमी आहे.

ज्याचे सारे बळ आयत्या वेळच्या उत्तरात आहे त्या सोंगाड्याला आधी लिहून दाखविण्यास सांगणे म्हणजे पोहणाऱ्याला काठावर बसून पोहण्यास सांगण्यासारखे होते. फडांनी त्यावर आपल्या परीने तोड काढली. कागदावर एक आणि बोर्डावर दुसरे, ही रीत पडली. प्रत्यक्षात नियंत्रण शब्दांवर कमी आणि जागेवर अधिक चालले. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये करमणुकीच्या सार्वजनिक स्थळांसाठी परवान्याचे नियम करण्याचा अधिकार पोलीस यंत्रणेला मिळाला. १८७६ चा कायदा केंद्र शासनाने २०१८ च्या प्रारंभी रद्द केला, परंतु स्थळाच्या परवान्याची व्यवस्था कायम आहे. कलावंताला गप्प करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच्या पायाखालची जागा काढून घेणे होय, हे सत्य कायद्याने फार लवकर ओळखले होते.

तंबूबाहेरही एकपात्री विनोदाची एक सुसंस्कृत शाखा मराठीत विकसित झाली. कीर्तनकाराचा उत्तररंग, भारुडकाराचे सोंग, बहुरूप्याची दारोदारची नक्कल या तिच्या मुळाशी आहेत. साठच्या दशकात पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. पुढे लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगाने मराठवाड्यातील ग्रामीण बोलीला नाट्यगृहात मानाचे स्थान मिळवून दिले. बोलीत बोलणारा माणूस हास्यास्पद न होता हसवू शकतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले. पावरी किंवा मावची या बोलींना मात्र अशा प्रकारचे नाट्यगृह लाभले नाही.

३. दारूचा गुत्ता

आता तिसऱ्या स्थळाकडे वळणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य नगरांत मद्यालय हे गप्पांचे, गाण्याचे आणि विनोदाचे स्थळ म्हणून वाढले. ओपन माइक हे त्याचेच अपत्य होय. नंदुरबार परिसरात मद्यविक्रीच्या स्थळाचा इतिहास मात्र निराळा आहे.

मोहाचे झाड आदिवासी जीवनात पूज्य मानले जाते. देवाला धार देणे, लग्नात व अंत्यविधीत मद्य वापरणे ही परंपरा होती आणि हे मद्य घरी गाळलेले असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळप हा गुन्हा ठरला. मद्यनिर्मिती मध्यवर्ती भट्ट्यांकडे आणि विक्री मक्तेदारांकडे गेली. जे घरात होते ते गुत्त्यात गेले. जे विनामूल्य होते ते विकत आणि पुढे उधारीवर घ्यावे लागले. गुत्तेदार, सावकार आणि जमीनदार या भूमिका पुष्कळदा एकाच ठिकाणी एकवटल्या. त्यामुळे गुत्ता हे समाजाच्या एकत्र येण्याचे ठिकाण न राहता कर्जाच्या वहीचे ठिकाण बनले.

याची प्रतिक्रिया म्हणून लागोपाठ चळवळी उभ्या राहिल्या. नवापूरला लागून असलेल्या दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात १९२२-२३ मध्ये 'देवी' चळवळ झाली. अंगात येणाऱ्या देवीच्या आदेशाने आदिवासींनी मद्य सोडण्याच्या शपथा घेतल्या आणि मद्यविक्रेत्यांवर बहिष्कार टाकला. डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीचा विस्तृत अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा परिसरात गुलाम महाराजांच्या 'आप' पंथाने हजारो आदिवासींना एकत्र आणले. एकमेकांना 'आप' म्हणावे, स्वच्छ राहावे, मद्य वर्ज्य करावे ही त्याची शिकवण होती. १९३८ मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे चालविले. ज्याला कचेरीत आणि शेतावर 'अरे-तुरे' ऐकावे लागे त्याने दुसऱ्या आदिवासीला 'आप' म्हणणे यात शिष्टाचारापेक्षा बरेच अधिक काही होते. थट्टेचा विषय झालेल्या समाजाने आपल्याच तोंडून स्वतःला दिलेला तो मान होता.

तिसरा टप्पा शहाद्याचा होय. तापीखोऱ्यातील जमिनी बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या आणि मूळचे जमीनधारक त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन, मजुरी आणि कर्ज हे संघटनेचे मुद्दे होते. स्त्रियांच्या शिबिरात मात्र स्त्रियांनी स्वतःहून दारूचा प्रश्न पुढे आणला. त्यानंतर १९७२-७३ या काळात स्त्रियांचे जथे गावोगाव गेले, भट्ट्यांवरील मडकी फोडली गेली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाहीर माफी मागावयास लावली गेली. मारिया मीस आणि गेल ऑम्व्हेट यांच्या लेखनामुळे ही चळवळ देशाबाहेरही अभ्यासली गेली.

जाहीर माफीच्या या प्रसंगांकडे विनोदाच्या इतिहासकाराने विशेष लक्ष दिले पाहिजे. ज्या स्त्रीला पटांगणातील सोंगात स्थान नव्हते, जिचे पात्रही पुरुषच करीत होते, ती येथे प्रथमच गावासमोर उभी राहिली. मारणारा नवरा चारचौघांत खजील झाला. सत्तावानाला सर्वांसमोर लहान करणे हे सोंगाड्याचेच काम होते; येथे ते स्त्रियांनी सोंग न घेता केले.

या संघर्षाचा वारसा पुढे कायद्यातही दिसतो. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील अनेक गावांत स्त्रियांनी 'उभी बाटली, आडवी बाटली' या चिन्हांवर मतदान करून दुकाने बंद केली. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने मद्याच्या विक्रीचे नियमन वा बंदी करण्याच्या अधिकारात ग्रामसभेला स्थान दिले. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके संपूर्णतः, तर शहादा व नंदुरबार हे अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. स्थळ बदलले की कायदा बदलतो, याचे बोलके उदाहरण म्हणून नवापूर रेल्वे स्थानकाचा निर्देश करता येईल. या एकाच स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही भाग मद्यबंदी असलेल्या गुजरातेत येतो. फलाटावरून चार पावले पुढे गेले की तीच बाटली गुन्हा ठरते.

सारांश, या जिल्ह्यात मद्यविक्रीची जागा हसण्याची जागा म्हणून वाढली नाही. तिच्याभोवती ऋण, मारहाण आणि प्रतिकार यांची स्मृती आहे.

४. महानगरी बार आणि ध्वनिक्षेपक

या पार्श्वभूमीवर ओपन माइकचा मूळ प्रवास पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली 'इम्प्रूव्ह' आणि लॉस एंजेलिसमध्ये १९७२ साली 'कॉमेडी स्टोअर' हे विनोदाचे क्लब सुरू झाले. लंडनमध्ये १९७९ साली त्याच नावाचा स्वतंत्र क्लब निघाला आणि २०१० मध्ये मुंबईच्या लोअर परळ भागात त्याची शाखा आली. त्यानंतर मुंबई, पुणे, बंगळूर येथील कॅफे व बारमधून नवोदितांसाठी ओपन माइकच्या रात्री भरू लागल्या. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'भारतीय डिजिटल पार्टी' या मराठी वाहिनीसारख्या उपक्रमांमुळे मराठी स्टँड-अपलाही महाजालावर प्रेक्षक मिळाला.

या प्रकाराचे अर्थकारण सरळ आहे. कलावंताला मानधन नसते. त्याला वेळ आणि श्रोते मिळतात. जागेच्या मालकाला खाद्यपेयांच्या विक्रीतून उत्पन्न मिळते. कलावंत स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच आयुष्यावर बोलतो. सोंगाड्याला सोंगाचा आडोसा होता. 'हे मी नव्हे, वगातला शिपाई बोलला' असे त्याला म्हणता येत असे. स्टँड-अप कलावंताने हा आडोसा टाकून दिला आहे. तो 'मी' म्हणून बोलतो आणि 'मी' म्हणूनच पकडला जातो.

तथापि येथेही आघात व्यक्तीइतकाच स्थळावर होतो. १९६४ मध्ये लेनी ब्रूस या विनोदकारावर न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा त्याच्यासोबत कॅफेच्या मालकालाही दोषी ठरविण्यात आले होते. ब्रूस १९६६ मध्ये निवर्तला. त्याला राज्यपालांची माफी मिळाली ती २००३ मध्ये. भारतात १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर येथील एका कॅफेतील कार्यक्रमात मुनव्वर फारुकी यांना अटक झाली आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमावरून मुंबईतील खार येथील 'हॅबिटॅट' या स्थळाची तोडफोड झाली. बोलणारा दुसरीकडे होता. मार बसला तो जागेला. राजकीय मतभेद बाजूस ठेवूनही एवढे निश्चित म्हणता येईल की, जी जागा एका मालकाची असते ती एका धक्क्यात बंद पडू शकते. होळीचे पटांगण अशा रीतीने बंद करता येत नाही, कारण ते कोणा एकाचे नसते.

५. महाविद्यालयाचा रंगमंच

नंदुरबार जिल्ह्यातील युवकाने ओपन माइकचे केवळ अनुकरण करावे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. मद्यालय हे स्थळ त्याच्यासाठी तीन कारणांनी अडचणीचे आहे. मद्यपरवान्यासाठी लागणारे वय पदवी वर्गातील बहुतांश विद्यार्थ्यांच्या वयाहून अधिक आहे. विद्यार्थिनींना तेथे रात्री उभे राहणे सामाजिकदृष्ट्या सोपे नाही. आणि वर पाहिल्याप्रमाणे त्या जागेचा स्थानिक इतिहास हास्याशी जुळणारा नाही. परंतु ओपन माइकचे मूळ तत्त्व, म्हणजे कोणालाही, पूर्वनिवडीशिवाय, ठरावीक वेळ उभे राहण्याची मुभा देणे, हे अत्यंत लोकशाहीवादी आहे. ते टाकून देण्याजोगे नाही. त्याला योग्य जागा मिळणे एवढेच आवश्यक आहे.

ही जागा महाविद्यालये देऊ शकतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवात विडंबननाट्य, मिमिक्री, मूकाभिनय हे प्रकार आहेतच. तथापि स्पर्धेसाठी निवड होते, संहिता तपासली जाते, आणि निवड होणारा विद्यार्थी बहुधा प्रमाण मराठी सफाईने बोलणारा असतो. धडगावहून शहाद्यास शिकण्यास आलेला, मराठी बोलताना लिंगवचनात अडखळणारा विद्यार्थी वर्गात हास्याचा विषय होतो. रंगमंचावर मात्र त्याला हास्याचा कर्ता होता येत नाही. पटांगणात त्याच्या आजोबांना जे सहज मिळत होते ते त्याला सभागृहात मिळत नाही.

या संदर्भात शहादा परिसरातील भिल्ल समाजातून आलेले आणि श्रमिक संघटनेच्या कार्यातून घडलेले कवी वाहरू सोनवणे यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. 'गोधड' या त्यांच्या काव्यसंग्रहाने मराठी आदिवासी कवितेला नवे वळण दिले. 'स्टेज' ही त्यांची कविता ज्यांच्या नावाने व्यासपीठ उभारले जाते त्यांनाच त्यावर स्थान नसण्याविषयी आहे. ती दुःखाच्या संदर्भात वाचली जाते. विनोदाच्या संदर्भातही ती तितकीच खरी आहे. दुसऱ्याने सांगितलेले आपले दुःख जसे उसने वाटते, तशी दुसऱ्याने केलेली आपली थट्टा परकी वाटते.

व्यवहारात याचा अर्थ फार मोठा नाही. स्नेहसंमेलनातील एक दुपार, एक ध्वनिक्षेपक, प्रत्येकी पाच मिनिटे आणि कोणत्याही बोलीत बोलण्याची मुभा एवढ्यावर आरंभ करता येईल. संहिता आधी मागविण्याऐवजी मर्यादा आधी सांगाव्यात. दुबळ्यावर, जातीवर, स्त्रीच्या देहावर विनोद नको. प्राचार्य, प्राध्यापक, वसतिगृहातील जेवण, शिष्यवृत्तीचा अर्ज यांवर हवा तेवढा असावा. पहिल्याच वर्षी प्राध्यापकवर्गाला स्वतःची नक्कल पाहावी लागेल, हे गृहीत धरावे. होळीत गावातील वडीलधारे जे दरवर्षी सोसतात ते सुशिक्षितांना सोसता येऊ नये, असे म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

१) लोकांसमोर उभे राहून हसविण्याची परंपरा नंदुरबार जिल्ह्यात होळीची सोंगे, रोडाली, सोंगाड्या पार्टी आणि तमाशा यांच्या रूपाने दीर्घकाळ अस्तित्वात आहे. स्टँड-अप कॉमेडी येथे सर्वस्वी परकी ठरत नाही.

२) विनोदाचे स्वातंत्र्य स्थळाच्या मालकीशी निगडित असते. पटांगण गावाचे, तंबू परवान्याचा आणि बार मालकाचा. या क्रमाने विनोदाचा सामूहिक आधार कमी होत गेला आणि कलावंताची वैयक्तिक जोखीम वाढत गेली.

३) १८७८ च्या अबकारी कायद्यापासून १९७२-७३ च्या शहादा येथील स्त्रियांच्या लढ्यापर्यंतचा इतिहास पाहता, या जिल्ह्यात मद्यविक्रीचे स्थळ शोषणाचे व प्रतिकाराचे स्थळ राहिलेले आहे. महानगरी बारचे सांस्कृतिक रूप येथे जसेच्या तसे आणता येत नाही.

४) पारंपरिक सादरीकरणात स्त्रीचे पात्र होते, पण स्त्री नव्हती. नव्या व्यासपीठाने ही उणीव भरून काढली तरच त्याला नवे म्हणता येईल.

५) आदिवासी विद्यार्थ्याला विनोदाचा विषय होण्यापासून विनोदाचा कर्ता होण्यापर्यंत नेणे हे महाविद्यालयीन रंगमंचाला साध्य होण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारा खर्च अत्यल्प आहे. संस्थेने स्वतःवर हसू देण्याची तयारी ठेवणे, हीच त्याची खरी किंमत आहे.